देवाची झाडे, देवाचे देऊळ

पर्यावरणाच्या प्रश्नावर हातघाईवर आलेली दोन माणसे बहुधा दोघेही निसर्गप्रेमी असतात. निसर्गाचा उघड द्वेष करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. चिऱ्याच्या खाणीचा मालक आपल्या फार्महाउसभोवती हापूसची कलमे लावतो आणि पाहुण्यांना हौसेने दाखवतो. पहाटेच्या थंडीत जिप्सीत कुडकुडत वाघाची वाट बघणाऱ्यांत धरणांची टेंडरे भरणारेही असतात. तेव्हा निसर्गावर प्रेम करा, हा उपदेश शाळेच्या भिंतीवर शोभतो, त्याचा उपयोग फारसा होत नाही. भांडण प्रेमाचे नसतेच. माणसाला या चित्रात कुठे उभे करायचे, याचे ते असते. मालक म्हणून, राखणदार म्हणून, चार दिवसांचा पाहुणा म्हणून, की चित्राच्या बाहेरच?

माझी सगळी नोकरी कोकणातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात झाली. झाडांची नावे विद्यार्थ्यांना सांगता सांगता झाडांवरून होणारी भांडणेही बरीच ऐकली. पुस्तकातले तत्त्वज्ञान आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावरचे तत्त्वज्ञान यांत मला वाटायचे तेवढे अंतर नाही, हे मला त्यातूनच उमगत गेले.

पुस्तकातले आधी सांगतो, कारण ते लवकर आटोपेल. अमेरिकेत योसेमिटीच्या परिसरात हेच हेची नावाची दरी आहे. 1906 साली भूकंपात आणि आगीत होरपळलेल्या सॅन फ्रान्सिस्को शहराला तिथे धरण बांधून पाणी हवे होते. जॉन म्यूर म्हणत होता, ही दरी म्हणजे देऊळ, तिला हात लावणे हे पाप. गिफर्ड पिंचो हा तिथल्या वनखात्याचा पहिला प्रमुख. त्याचे म्हणणे असे की जंगल, पाणी, डोंगर ही राष्ट्राची संपत्ती, ती जास्तीत जास्त लोकांच्या दीर्घकाळ उपयोगी पडेल अशी नीट वापरावी. 1913 साली अमेरिकी काँग्रेसने धरणाला परवानगी दिली, वर्षभराने म्यूर वारला, आणि दरी पाण्याखाली गेली. संवर्धनाच्या इतिहासात हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक म्हणून येतात, आणि वाचणाऱ्याने कोणाची तरी बाजू घ्यावी अशी अपेक्षा असते. मला मात्र त्यांच्यातले साम्य जास्त खुपते. योसेमिटीच्या दऱ्यांतून मिवोक आणि पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, तिथल्या कुरणांना वेळच्या वेळी आग लावून ती मोकळी ठेवत होते. 1851 साली शस्त्रधारी तुकडी पाठवून त्यांना हुसकावले गेले. त्यानंतरच ती जागा एकाला देऊळ वाटू लागली आणि दुसऱ्याला कोठार. दोघांच्याही चित्रात तिथला रहिवासी नाही.

आपल्याकडे ही दोन्ही चित्रे आली. पिंचोच्या जातीचे चित्र आधी, तेही जर्मनीहून इंग्रजांमार्फत. 1864 साली डिट्रिश ब्रँडिस हिंदुस्थानातल्या जंगलांचा पहिला महानिरीक्षक झाला. 1878 च्या कायद्याने राखीव जंगलांची आखणी झाली, आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवान मोजले जाऊ लागले. म्यूरच्या जातीचे चित्र आले 1972 च्या वन्यजीव कायद्याने आणि पुढच्याच वर्षीच्या व्याघ्रप्रकल्पाने. त्याच 1973 साली नॉर्वेतल्या आर्ने नेसने 'उथळ' आणि 'सखोल' पर्यावरणवाद असा भेद मांडला. माणसाच्या फायद्यासाठी प्रदूषण कमी करणे हे उथळ. माणसाला उपयोग असो-नसो, प्रत्येक जीवाला स्वतःचे मोल आहे असे मानणे हे सखोल. नेस हा गांधींचा गाढा अभ्यासक. धबधबा वाचवायला तो स्वतः सत्याग्रहाला बसला होता. त्यामुळे त्याच्याविषयी मला आदर आहे. पण 1989 साली रामचंद्र गुहांनी त्या विचारावर जो आक्षेप घेतला तोही डावलता येत नाही. दाट वस्तीच्या, शेतीवर जगणाऱ्या देशात 'निर्मनुष्य अरण्य' हे ध्येय ठेवले, तर त्याचा अर्थ गरिबाची जमीन काढून वाघाला आणि वाघ बघायला येणाऱ्याला देणे असाच होतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले.

गुहांच्या शंभरेक वर्षे आधी हीच गोष्ट महाराष्ट्रात बोलली गेली होती, हे आपल्या पर्यावरणाच्या चर्चेत फारसे येत नाही. 1878 च्या कायद्याच्या मसुद्याला पुण्याच्या सार्वजनिक सभेने हरकत घेतली होती. आणि 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याला जे झोडपले आहे ते आजही वाचवत नाही इतके धारदार आहे. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते त्यांनी सुचवलेले उपाय. फॉरेस्टात सामील केलेली गायराने गावांना परत करा, ही एक मागणी. इमारतीचे लाकूड तोडून विकू देऊ नका, त्यासाठी कडक कायदा करा, ही तिला जोडूनच आलेली दुसरी. डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घाला, त्या कामाला सरकारी शिपाई लावा, असेही ते सुचवतात. यात झाडाचे स्तोत्र नाही, पावसाळी हिरवाईचे वर्णनही नाही. हक्क आणि बंधन एकाच दमात मागितलेले आहे. निसर्गाविषयीचा दृष्टिकोन कविता लिहिल्याशिवायही असू शकतो, ही गोष्ट माझ्यासारख्या मास्तराला पटायला जरा वेळच लागला.

तिसरे चित्र आपले स्वतःचे, आणि त्याचा आपल्याला अभिमानही फार. देवराई.

महाराष्ट्रात अडीच हजारांहून जास्त देवरायांची नोंद झाली आहे. कोकणात त्यांना रहाटी म्हणतात, कुठे बन. डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची काळकाईची राई तोडीत निघाली होती, तेव्हा ती वाचावी म्हणून गावकऱ्यांनी धाव घेतली ती या संशोधकांकडे. राई आपल्या ओढ्याच्या उगमावर आहे, ती गेली तर ओढा आटेल, ही त्यांची भीती. वनखात्याच्या हिशेबी तिथे इतके इतके घनफूट लाकूड होते. गावाच्या हिशेबी पाणी होते, आणि त्या पाण्यावर बसलेली देवी.

मी विद्यार्थ्यांना घेऊन ज्या राईत जात असे ती संगमेश्वर तालुक्यातली, जेमतेम चार-पाच एकरांची. काजूच्या बागेतून आत पाऊल टाकले की डोळ्यांना सवय व्हायला मिनिटभर लागे. सातविणीच्या खोडाला मांडीएवढी जाड गारंबी पीळ घालत वर गेलेली, तिच्या मीटरभर लांब शेंगा खाली पडून काळ्या पडलेल्या. एका बेहड्याच्या ढोलीत ककणेराची मादी दार लिंपून आत बसायची. चोच आत-बाहेर होईल एवढीच फट. नर उंबराची फळे घशातून एकेक करून काढायचा आणि त्या फटीतून द्यायचा. हे बघायला मुले तासभर हूं की चूं न करता बसत, जी वर्गात दहा मिनिटे बसत नसत. राईचे नियमही साधे. पायताण बाहेर. वाळकी काटकी उचलली तर चालेल, कोयता चालणार नाही. मोठे काही काढायचे तर आधी कौल. गुरव देवाला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवीकडची पाकळी पडली तर होकार.

त्या गावात देवळाच्या जीर्णोद्धाराची सभा लागली. चिऱ्याच्या भिंतींचे, नळ्यांच्या उतरत्या छपराचे जुने देऊळ. वासे वाळवीने पोखरलेले, ही गोष्ट खरी. ठरले असे की सभामंडपाला स्लॅब टाकायचा, वर कळस, खाली ग्रॅनाइट. निम्मे पैसे मुंबईकर मंडळाने वर्गणीतून जमवले होते. उरलेले राईतला किंजळ आणि ऐन विकून उभे करायचे, त्याशिवाय दोन जुने आंबे. व्यापारी येऊन झाडांवर चुन्याच्या खुणा करून गेला होता. कौलही झाला होता आणि देवाने उजवा दिला होता. मला बोलावले होते ते झाडांची नावे आणि वये सांगायला. मी विचारले, "पण झाडं तर देवाची ना?" मानकऱ्यांपैकी एक म्हातारे होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. ते अगदी शांतपणे म्हणाले, "झाडं देवाचीच हायत, सर. पन देऊळ कुनाचा? देवाचाच ना? ह्या खिशातला त्या खिशात."

या युक्तिवादाला श्रद्धेच्या आतून उत्तर नाही. मी पुष्कळ विचार करून पाहिला आहे. लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराने 1967 साली एक गाजलेला लेख लिहिला, त्याचा रोख असा की ख्रिस्ती धर्माने झाडा-झऱ्यांतले देव काढून टाकले आणि त्यामुळे निसर्ग ओरबाडणे सोपे झाले. तो वाचून आपल्याकडची बरीच मंडळी खूश होतात. आम्ही तर वडाला फेऱ्या मारतो, नागाला दूध घालतो, म्हणजे आम्ही सुटलो! पण त्या सभेत देव कोणी काढून टाकला नव्हता. सगळे भाविकच होते. देव फक्त राईतून उठून स्लॅबखाली येत होता, तोही स्वतःच्या संमतीने. पावित्र्य शाबूत राहते आणि झाडे जातात, हे व्हाइटच्या मांडणीत बसत नाही आणि आपल्या अभिमानातही.

सभेच्या कडेला बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीने, डोक्यावरचा पदर नीट करत, एवढेच विचारले, "वरची झाडं गेली म्हंजे पऱ्ह्याला शिमग्यापतुर पानी ऱ्हाईल काय? न्हाय ऱ्हायला तर हंडा घेऊन कोन जानार, तात्या? तुमी का देव?" हशा झाला. पण त्या हशानंतर सभेचा सूर बदलला. वाद पुढे दोन-तीन बैठका चालला. शेवटी पऱ्ह्याच्या अंगाची झाडे आणि दोन्ही आंबे राहिले, सपाटीवरचा किंजळ आणि ऐन गेला. स्लॅबही पडला. आता वैशाखात सभामंडपात पंखे लावूनही बसवत नाही, आणि भजनी मंडळी सतरंजी घेऊन आंब्याखाली जातात.

त्या बाईचे बोलणे 'सखोल' म्हणावे की 'उथळ'? नेसच्या मोजपट्टीने उथळच. तिला किंजळाच्या स्वयंभू मोलाशी काही देणेघेणे नव्हते, हंड्याशी होते. तात्यांचे बोलणे त्या मानाने जास्त आध्यात्मिक. तरी झाडे वाचली ती तिच्यामुळे. का, तर निर्णयाचा भार जिच्या डोक्यावर येणार होता ती त्या सभेत हजर होती आणि तोंड उघडू शकली. तेव्हापासून निसर्गाविषयीचे कुठलेही तत्त्वज्ञान समोर आले की मी त्याला एकच प्रश्न विचारतो: तुमच्या मांडणीत हंडा वाहणारीला बोलायची जागा आहे का?

या प्रश्नाने पश्चिम घाटाचा वाद मला नीट कळला. मार्च 2010 मध्ये नेमलेल्या गाडगीळ समितीने ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल दिला. संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानावा, त्यात तीन पायऱ्या कराव्यात, कुठे काय चालेल याची यादी करावी, आणि या सगळ्यावर शेवटचा शब्द ग्रामसभांनी चर्चा करून द्यावा, अशी त्याची बांधणी होती. सिंधुदुर्गातल्या 25 गावांनी तर खाणींच्या धास्तीने आमचे गाव संवेदनशील म्हणून घ्या असे ठराव स्वतःहून केले होते. मग कस्तुरीरंगन गट आला, त्याचा अहवाल एप्रिल 2013 चा. त्याने उपग्रहचित्रे घेऊन घाटाचे दोन भाग पाडले. शेती, बागा, वस्ती असलेला सुमारे 60 टक्के प्रदेश 'सांस्कृतिक', उरलेला सुमारे 40 टक्के 'नैसर्गिक'. संरक्षण मुख्यतः दुसऱ्याला, म्हणजे एकूण घाटाच्या साधारण 37 टक्क्यांना.

वृत्तपत्रांतून हा वाद किती चौरस किलोमीटर आणि किती गावे असा मांडला गेला. मला तो तत्त्वज्ञानाचा वाद वाटतो. एकीकडे माणूस, दुसरीकडे निसर्ग, मधे रेघ, ही म्यूर-पिंचो यांचीच जुनी सोय उपग्रहाच्या मदतीने परत आली. आमची चार-पाच एकरांची राई त्या रेघेच्या कुठल्या बाजूला? काजूच्या बागांनी वेढलेली, देवळाला चिकटलेली, म्हणजे सांस्कृतिक. पण ककणेर तिथे घरटे करतो आणि दिवसभर फळे आणायला वरच्या जंगलात जातो. पऱ्ह्या उगवतो राईत आणि भिजवतो भातखाचरे. रेघ त्यांना ठाऊक नाही. कोकणात तर माणसाचा हात न लागलेला डोंगर दाखवणे कठीण आहे. सह्याद्रीचा निसर्ग आहे तोच मुळी असा मिश्र.

गाडगीळ अहवालाला गावागावांत विरोध झाला, हेही सांगितले पाहिजे. केरळात बंद पाळले गेले. आपल्याकडे घर बांधायला चिरा मिळणार नाही, गोठा वाढवता येणार नाही, अशा अफवा पिकल्या. ज्या अहवालाचा सगळा भर गावाला विचारण्यावर, तो गावापर्यंत गावाच्या भाषेत धडपणे पोचलाच नाही. केंद्राने अधिसूचनेचा पहिला मसुदा काढला मार्च 2014 मध्ये. त्याच वर्षी 30 जुलैला आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळली. दुसऱ्या दिवसाची तारीख घेऊन मसुदा निघाला, तो सहावा. अशा वेळी आपण 'निसर्गाचा कोप' म्हणून मोकळे होतो. कोप म्हटला की प्रश्न नारळाने मिटतो, सपाटीकरण आणि रस्त्याची कापणी यांचा हिशेब कोणी मागत नाही.

ग्रामसभेने ठरवावे हे नुसते म्हणण्यापुरते नाही, याचा पुरावा गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी पुढे दोन वर्षे बांबूवरून ओढाताण चाललीच, कारण हक्क गावाचा असला तरी वाहतूक परवान्याचे पुस्तक खात्याकडे. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री दोघे गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. गावाचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालते. फळासाठी झाड तोडायचे नाही, मधासाठी पोळे जाळायचे नाही, हे नियम त्यांचेच. नियम करणारा आणि नियम पाळणारा एकच असला की राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

पण गावाच्या शहाणपणावर सगळे सोपवून हात झटकावेत असेही मला वाटत नाही. दोडामार्गात डोंगरच्या डोंगर रबराखाली गेले, ते जमीनमालकांनी विकल्यावरच. खासगी जंगले लाकूडवाल्याला उक्ती देणारे आमच्यातलेच. ककणेराला मतदानाचा हक्क नाही आणि हंड्याशी त्याचा संबंध जोडून दाखवणे दर वेळी जमत नाही. 2006 साली देशात 1,411 वाघ उरल्याचा अंदाज निघाला होता, 2022 च्या गणनेत 3,682 झाले. कडक कायदा आणि राखीव क्षेत्र नसते तर हे झाले नसते. म्यूरचे देऊळ मला हवेच आहे, फक्त तिथून उठवलेल्या माणसाचा हिशेब त्या देवळाने चुकता केला पाहिजे. आणि देवळाच्या भिंतीबाहेर सगळे खुले रान, असा अर्थ त्यातून निघता कामा नये.

शेवटी मुंबई-पुण्याच्या माझ्या गाववाल्यांना एक विनंती. गणपतीत किंवा शिमग्याला गावी जाल तेव्हा जीर्णोद्धाराचे पावतीपुस्तक समोर येईलच. वर्गणी जरूर द्या, देऊळ गळके ठेवावे असे कोणी म्हणत नाही. मात्र पावती फाडण्याआधी सभेत दोन प्रश्न विचारा: राईतली किती झाडे जाणार, आणि पाणी भरणाऱ्या बायकांना हे विचारले का? दुसऱ्याचे उत्तर 'नाही' आले, तर पैसे खिशातच ठेवा.